आम्ही मांडणी करायला घेतली

आमच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा असला की आजवर शेजारच्या मुलाला हाक मारली जाई. आम्ही पडलो कचेरीत पेन चालवणारे. हातोडी उचलली की ती खिळ्याऐवजी अंगठ्यावरच बसते, असा आमचा लौकिक. असे असताना गेल्या उन्हाळ्यात आम्ही जाहीर केले की पुस्तकांची मांडणी आम्ही स्वतः करणार, आणि घरात कोणी हसले नाही. हसण्यासारखी परिस्थितीच नव्हती.

कारण होते पलंगाखालची लोखंडी पेटी. आमचे वडील गिरणीत कामाला होते. दर वर्षी दसऱ्याला ते दीक्षाभूमीवर जायचे आणि परत येताना पिशवीत पुस्तके असायची. तिथे पुस्तकांची किती दुकाने लागतात हे नागपूरच्या वाचकांना सांगायला नको, आणि बाहेरगावच्या वाचकांनीही तिथूनच पिशव्या भरून नेल्या असतील. वडिलांचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी राज्य सरकारने १९७९ पासून काढलेले बाबासाहेबांच्या लेखनाचे इंग्रजी खंडही ते विकत घ्यायचे. तुम्हाला इंग्रजी कुठे येते, असे कोणी विचारले तर म्हणायचे, "घरात पुढे कोणाला तरी येईल." पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारीख, किंमत आणि सही. मग पुस्तक पेटीत.

वडील गेल्यावर आई दर उन्हाळ्यात पेटी ओढून काढायची, पुस्तकांना ऊन दाखवायची आणि परत रचून ठेवायची. आईला सहीपुरते लिहिता येते, वाचता येत नाही. पण कोणते पुस्तक कोणत्या वर्षीचे हे ती पुठ्ठ्यावरून सांगते. गेली दोन वर्षे तिचे गुडघे धरले आणि पेटी ओढणे बंद झाले. आम्ही "करू, करू" म्हणत राहिलो.

मुलगी बारावीला. महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेसाठी तिला 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हवे होते. ते पहिल्या खंडात आहे. पेटी उघडली तर वर सगळे ठीक, आणि खाली माती. पेटीचा तळ एका कोपऱ्यात गंजून गेला होता. वाळवीने भिंतीच्या फटीतून मातीची बारीक नळी बांधून त्या भोकातून आत रस्ता केला होता. पहिला खंड हातात घेतला तर पुठ्ठा तेवढा हातात आला. आतली पाने चाळणीसारखी. अशी तीन पुस्तके गेली. वरच्या पानावरची वडिलांची सही मात्र शाबूत होती. वाळवीने शाई सोडून कागद खाल्ला असे काही नव्हे, ती तिथवर पोचायची होती एवढेच.

आई रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "पेटीत नको ठेवू आता, बाबू. डोळ्यासमोर राहू दे."

आता डोळ्यासमोर म्हणजे मांडणी हवी. फर्निचरच्या दुकानात गेलो. चकचकीत मांडण्या होत्या, पण बहुतेक सगळ्या लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्यांच्या. वरून कागदासारखा पातळ थर. खालची कड जरा खरवडून पाहिली तर भुसाच निघाला. फरशी पुसताना अशा पाटीच्या कडेला पाणी लागले की ती फुगते, आणि एकदा फुगलेली परत बसत नाही. ओळखीच्या सुताराला विचारले, तर तो लग्नसराईच्या कामात गुंतलेला. त्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही चहा पाजून त्याला निरोप दिला. मुलीची आई म्हणाली, "बाबासाहेबांनी पुस्तकांना जागा हवी म्हणून राजगृह बांधलं. आपल्याला चार फूट भिंत जमत नाही का?" हे बोलणे लागले. त्याच रात्री आम्ही कागदावर आकृती काढली.

पहिला प्रयत्न कसा फसला ते सविस्तर सांगतो, कारण खरे शिक्षण त्यातच आहे.

लकडगंजात जाऊन आम्ही बारा मिलिमीटरचा प्लायवूड आणला. दुकानदाराने विचारले, कशासाठी? आम्ही म्हणालो, पुस्तकांसाठी. तो काही बोलला नाही, आम्हीही विचारले नाही. चार फूट लांबीच्या फळ्या कापायला घेतल्या. पट्टीने खुणा केल्या, सगळ्या एकदम, एकामागोमाग एक. पहिली फळी बरोबर आली. दुसरी जरा आखूड. तिसरी आणखी आखूड. पट्टी खोटी की आम्ही खोटे, हे कळेना. मुलीच्या लक्षात आले. करवत नुसती रेघ कापत नाही, ती स्वतःच्या जाडीएवढे लाकूड खाते. करवतीचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे वाकवलेले असतात, म्हणजे पाते अडकत नाही. त्यामुळे जाणारी चीर पात्याहून रुंद पडते. प्रत्येक कापाला दोन-तीन मिलिमीटर भुसा होऊन खाली पडत होते आणि आमच्या हिशेबात ते कुठेच नव्हते. आयुष्यभर कचेरीत पैशाचा हिशेब जुळवणाऱ्या माणसाचा हिशेब भुशाने चुकवला.

आखूड फळीला पट्टी जोडून, दोन उभ्या फळ्यांमध्ये बाजूने खिळे ठोकून मांडणी उभी केली. आईच्या खाटेशेजारच्या भिंतीला लावली. पुस्तके मांडली. आईने कितीतरी वेळ नुसते पाहिले. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, बाबा, फळी हसते आहे. फळीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून धरला तर मध्यभागी जवळजवळ दीड इंच झोल. आम्ही म्हणालो, लाकूड आहे, थोडे वाकणारच.

पाचव्या रात्री, दोनच्या सुमाराला, घरात काहीतरी कोसळले. दिवा लावेपर्यंत काय झाले ते कळेना. मधली फळी एका टोकाने निसटून खालच्या फळीवर आली होती आणि पुस्तके खाटेच्या कडेवर, जमिनीवर, सगळीकडे. आई खाटेवर नव्हती. ती खाली बसून अंधारातच चाचपडत पुस्तके गोळा करत होती. एक जाड खंड तिच्या उशीवर पडलेला होता. नेमकी त्याच वेळी ती पाणी प्यायला उठली होती. त्या उशीकडे पाहून आमच्या पोटात जे झाले ते इथे लिहीत नाही.

सकाळी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. हे आमच्याच वस्तीतले, रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले. वय सत्तरीच्या पुढे. आधीच का गेलो नाही, हा प्रश्न वाचकांना पडेल. संकोच, दुसरे काय? वस्तीतल्या माणसाला फुकट कसे राबवायचे? मिस्त्रींनी मांडणी पाहिली, खिळा बोटाने उपटून काढला आणि म्हणाले, "प्लायच्या कडेत खिळा मारला का जी? कडेत नुसते थर असतात. वजन आलं का थर उघडतात." मग त्यांनी दोन विटा चार फुटांवर ठेवल्या, वर फळी टाकली आणि मधोमध हाताने दाबली. फळी वाकली. विटा दोन फुटांवर आणल्या, तीच फळी, तेवढाच जोर. हलली म्हणावी एवढीच. "फळीले कायले दोष देता? लांबीले द्या."

मुलीने वहीत गणित मांडले. फळीवर सारखी पुस्तके रचली तर लांबी दुप्पट केल्यावर झोल सोळापट होतो. जाडी दुप्पट केली तर मात्र तेवढ्याच पुस्तकांनी झोल आठव्या हिश्शावर येतो. म्हणजे महाग लाकूड घेण्यापेक्षा मध्ये एक उभी फळी देणे अधिक उपयोगाचे. मिस्त्रींनी वही लांब धरून पाहिली. "सोळा का काय ते मले मालूम नाई. दोन फुटाच्या वर गेलं का मधात आधार द्यायचा, येवढं मालूम आहे."

वजनाचा अंदाज घ्यायला आम्ही एक फूट भरेल एवढी पुस्तके रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली. दहा किलोच्या थोडे वर. रद्दीवाल्याला वाटले विकायची आहेत, त्याने भाव सांगितला. मुलीने पुस्तके इतक्या घाईने उचलली की तो ओशाळला.

नवा नकाशा असा ठरला. रुंदी चार फूट, उंची साडेतीन फूट, मध्ये एक उभी फळी. खाली-वर एकेक लांब फळी आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन आखूड. म्हणजे सहा कप्पे, बारा फूट पुस्तके, सव्वाशे किलोच्या आसपास भार. लाकूड मिस्त्रींच्या सल्ल्याने जुने घेतले. पाडलेल्या घरांच्या दारांचे, चौकटींचे सागवान विकणारे असतात, त्यांच्याकडून. नव्या सागवानापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडले, आणि इतकी वर्षे ऊनपाऊस पाहिलेले असल्याने आता फारसे वळत नाही. सागाच्या गाभ्यात मुळातच तेल असते, वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही. पण फळीला कुठे कुठे बाहेरची पांढरट कड असते. मिस्त्रींनी ती कापूनच टाकायला लावली. "ही पांढरी कड म्हणजे वाळवीचं जेवण."

जुन्या लाकडात एक धोका असतो, तो म्हणजे आत मोडून राहिलेले खिळे. ते आम्हाला रंध्याने शिकवले. मिस्त्रींनी विश्वासाने दिलेला रंधा पहिल्याच दिवशी खिळ्यावर गेला आणि पात्याला कोर पडली. मिस्त्री काही बोलले नाहीत. दगडावर पाणी टाकून त्यांनी अर्धा तास पाते घासले आणि आम्हाला समोर बसवून ठेवले. मुलीने मग जुन्या रेडिओच्या कर्ण्यातले चुंबक काढले. ते फळीवरून फिरवायचे, जिथे ओढ लागेल तिथे खडूची खूण. आठ खिळे निघाले.

रंधा ओढायलाही दिशा असते. लाकडाचे धागे ज्या बाजूला कललेले, त्या बाजूने गेले की कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते. उलट गेले की लाकूड उचकटते, खड्डे पडतात. केस विंचरताना मुळाकडे कंगवा ओढून पाहा, तसे. आमच्या मनगटाला हे समजायला चार दिवस लागले. मुलीला एका दुपारीत समजले.

अशाच एका दुपारी आई दारात बसून भुसा गोळा करत होती. मध्येच म्हणाली, "तुझ्या आज्यानं एकदा वाढयाचा वाकस उचलून पाह्यला होता. नुसता उचलून. तर त्यानं तो पाण्यानं धुऊन घेतला, साऱ्या गावासमोर." वखर दुरुस्तीला न्यायचा तर लांब ठेवून यायचा आणि लांबूनच उचलून आणायचा, अशी गावची रीत. हे आम्ही आईच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. मिस्त्रींनी पटाशी खाली ठेवली आणि विडी पेटवली. त्यांच्या वडिलांनाही गावात कोणी हे काम शिकवले नसते. त्यांना ते शिकवले रेल्वेच्या कारखान्याने. थोड्या वेळाने त्यांनी पटाशी मुलीच्या हातात दिली, "घे, खाच पाड."

खाच हा या कामाचा जीव. आमच्या पहिल्या मांडणीत सगळा भार खिळ्यांवर टांगलेला होता. आता उभ्या फळीत, इंचाच्या जाडीला पाव इंच खोल खाच पाडली आणि आडवी फळी तिच्यात बसवली. भार लाकडावर टेकतो. स्क्रू फक्त फळी निसटू नये म्हणून. मधल्या उभ्या फळीला दोन्ही बाजूंनी खाचा पडतात, म्हणून त्या पाव इंचाहून खोल न्यायच्या नाहीत, नाहीतर मध्ये काही उरत नाही. खुणा करताना मिस्त्रींनी तिन्ही उभ्या फळ्या शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी रेघा ओढायला लावल्या. "चुकलं तरी साऱ्या सारख्या चुकतात, मांडणी तिरपी होत नाही." आणि करवत रेघेवरून नव्हे, टाकून द्यायच्या बाजूने चालवायची. रेघ शेवटी फळीवर दिसली पाहिजे.

जोडणी एका संध्याकाळी झाली. खाचांत फेव्हिकॉल, बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबा करकचून गुंडाळलेल्या. शिकंजा आमच्याकडे कुठला? काटकोन पाहायला आम्ही मुलीच्या कंपासपेटीतला त्रिकोण घेतला होता, मिस्त्री हसले. त्यांनी दोरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत माप घेतले, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचे. दोन्ही कर्ण सारखे तर चौकट सरळ. आमच्यात अर्ध्या इंचाचा फरक निघाला. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना धरून दाबले, पुन्हा मापले, पुन्हा दाबले, आणि दोरी जुळली. मग मागे पातळ प्लाय स्क्रूने बसवला. मागची पाठ नसली तर अशी मांडणी डुलत राहते.

खाली चार इंचांचे पाय दिले. वाळवी जमिनीतून येते आणि उघड्यावर चालत नाही, मातीची नळी बांधत येते. पाय मोकळे असले की नळी दिसते, हाताने मोडता येते. भिंतीपासून एक इंच अंतर सोडले आणि वरून दोन पट्ट्यांनी मांडणी भिंतीला अडकवली, म्हणजे कोणी लहान मूल फळीवर चढले तरी ती अंगावर येणार नाही.

रंगाऐवजी जवसाचे तेल लावले. आपल्याकडे ते मिळते, लाकूड त्याने खुलते, वाळायला मात्र बरेच दिवस घेते. एक सूचना गंभीरपणे करतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. त्या दोरीवर एकेक पसरून वाळवाव्यात. नागपूरच्या मे महिन्यात तर हे विसरूच नये.

खर्च विचाराल तर सुताराने सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. त्यात पहिल्या मांडणीचा वाया गेलेला प्लाय धरलेला नाही, आणि मिस्त्रींची मजुरीही नाही. ती त्यांनी घेतली नाही. मुलगी त्यांना दर शनिवारी एक प्रकरण वाचून दाखवते, मराठीत समजावून सांगते, असा सौदा झाला.

मांडणी लागली तेव्हा आईने वाळवीने खाल्लेली ती तीन पुस्तकेही मागून घेतली. पांढऱ्या फडक्यात बांधून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवली. मुलीसाठी पहिला खंड एका मित्राकडून आणला, तो परत करायचा आहे. दोरा ताणून पाहतो आम्ही अधूनमधून. चार महिने झाले, दोरा आणि फळी यांत बोट जात नाही.

एक चूक मात्र राहिलीच. आईला वडिलांचा चष्मा ठेवायला एक लहान ड्रॉवर हवा होता. तो आम्ही कोणाच्या मदतीशिवाय, एकट्याने केला आणि अगदी घट्ट बसवला. फट राहिली तर सुताराला कमीपणा, असे आम्हाला वाटे. मिस्त्री म्हणाले होते, "थोडी जागा सोडा जी, आषाढात कळंल." लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण रुंदीत हवेतली ओल पिऊन फुगते. मे महिन्यात आमचे लाकूड पापडासारखे कोरडे होते. जुलैत पावसाची झड लागली आणि ड्रॉवर अडकला. आत चष्मा आणि विजेचे बिल.

आम्ही रंधा घेऊन उभे राहिलो, तर मिस्त्रींनी हात धरला. "आता घासाल तर उन्हाळ्यात आपल्या मनानं बाहेर पडंल. दिवाळी होऊ द्या." बिलाची दुसरी प्रत काढून पैसे भरले. आई रोज सकाळी ड्रॉवर एकदा ओढून पाहते, आणि तो उघडला नाही की म्हणते, "आज बी आत हाये."